पोर्तुगीज वाचता येते, पण ऐकून कळत नाही : अभ्यास कसा करावा?

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याला राहते आणि नोकरीनिमित्त रोज पणजीला ये-जा करते. आमच्या घराण्याच्या जमिनीचे जुने दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये आहेत. ते दर वेळी दुसऱ्याकडून वाचून घेण्यापेक्षा आपणच भाषा शिकावी, या विचाराने मी वर्गात नाव नोंदवले. व्याकरणाची धास्ती वाटली नाही. मराठीची तीन लिंगे सांभाळणाऱ्याला पोर्तुगीजची दोन जड जाऊ नयेत. १९११ मध्ये पोर्तुगालने शुद्धलेखनाचे नियम बदलल्यामुळे त्याआधीच्या कागदांत शब्दांची रूपे निराळी दिसतात, पण तेही आता सवयीचे झाले आहे.

खरी अडचण कानांची आहे. लिस्बनच्या रेडिओवरील बातम्या लावल्या की जे वाक्य छापलेले असताना सहज कळते, तेच ऐकताना एक सलग गुणगुण वाटते. ब्राझीलच्या मालिका त्यामानाने बऱ्याच समजतात. शिवाय वहीत उतरवलेले शब्द पाहिल्यावर ओळखीचे वाटतात, पण बोलायची वेळ आली की एकही आठवत नाही. सकाळचा थोडा वेळ, बसमधला गोंगाटाचा प्रवास आणि रविवार एवढीच माझी सवड आहे. ती कशी वापरावी? ऐकण्याचा सराव आताच करावा, की आधी वाचन पक्के करावे?

प्रतिसाद

ताई, ऐकणे पुढे ढकलू नका. पोर्तुगालच्या बोलीत आघात नसलेले स्वर गिळले जातात. 'तेलेफोने' असा लिहिलेला शब्द लिस्बनमध्ये भरभर बोलताना जवळजवळ 'त्ल्फॉन' होतो. ब्राझीलमध्ये हे स्वर बरेचसे शाबूत राहतात, म्हणून त्या मालिका तुम्हाला सोप्या जातात. डोळ्यांनी शिकलेला शब्द कानाला अनोळखी राहण्याचे कारण एवढेच आहे आणि नुसता रेडिओ लावून ठेवल्याने ते दूर होणार नाही.

ज्याचा मजकूर हाताशी आहे असे मिनिटभराचे ध्वनिमुद्रण सकाळी घ्या. मजकूर न पाहता दोन-तीनदा ऐका, जे ऐकू येईल ते कागदावर लिहा, मग मजकुराशी ताडून कोणता स्वर गळाला तिथे पेन्सिलीने खूण करा आणि शेवटी त्या आवाजाच्या बरोबरीने स्वतः मोठ्याने म्हणा. काम कंटाळवाणे आहे, पण याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. बसमध्ये नवीन काही ऐकू नका. गोंगाटात नवा मजकूर फुकट जातो, सकाळचाच तुकडा पुन्हा ऐकलेला बरा.

शब्दांबाबत म्हणाल तर वही पुन्हापुन्हा वाचल्याने ओळख वाढते, आठवण नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगांत पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, परंतु दोन दिवसांनी आणि आठवड्याने, न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. तेव्हा वहीचा पोर्तुगीज रकाना झाका आणि मराठीवरून शब्द आठवा, तोही सुटा नव्हे, छोट्या वाक्यात. जो आठवला तो चार दिवसांनी विचारा. जो अडला तो उद्याच. शब्दांच्या चिठ्ठ्या करून 'उद्या' आणि 'चार दिवसांनी' अशा कप्प्यांच्या पेटीत ठेवल्यात तर हा हिशेब आपोआप राहतो, फोनवरच्या ॲपचा हट्ट नको.

बोलण्यासाठी रविवार ठेवा. पणजी-मडगावात घरी पोर्तुगीज बोलणारी वयस्कर मंडळी अजून आहेत. त्यांच्याकडे नुसत्या गप्पांना जाण्याऐवजी तुमच्या दस्तऐवजातला एखादा परिच्छेद घेऊन जा; विषय हाताशी असला की संभाषण अडत नाही आणि त्यांनाही रस वाटतो.

एक विचारतो : तुमचे कागद टंकलिखित आहेत की हस्तलिखित? हस्तलिखित असतील तर जुनी वळणे आणि कारकुनांचे शब्दसंक्षेप वाचण्याचा सराव वेगळा करावा लागेल, त्याबद्दल सविस्तर लिहीन.