ध्यानाला बसल्यावर तुमच्या विचारांचं काय होतं? अनुभव लिहा

कृष्णाकाठची
काल सांगलीच्या आमराई बागेत एक आजोबा बाकावर ताठ बसलेले दिसले, डोळे अर्धे उघडे. आमचे गावभागातले सर आठवले. नोकरीनिमित्त जपानात राहून आलेले, तिथंच झाझेन, म्हणजे झेन बौद्ध पद्धतीचं बसून करायचं ध्यान, शिकले. भिंतीकडे तोंड करून बसायचे. मला श्वास मोजायला शिकवलं: एक ते दहा, परत एक. मध्येच वाहवलं तर पुन्हा एकपासून. म्हटलं, सर, विचार थांबतच नाहीत. म्हणाले, "थांबवायला कोण सांगतंय? कान ऐकतो तसं मन विचार करतं. तू त्यांच्यामागं जाऊ नकोस." हे ऐकून केवढं ओझं उतरलं माझं! तुमचं कसं?

वाईकर
राग आधी जबड्यात येतो हे मला बसल्यामुळंच कळलं. दात आवळले जातात, शब्द नंतर येतात. तेवढ्या वेळात गप्प राहता येतं. घरच्यांना फरक जाणवतोय.

हरिपूर_रोड
2019 चा पूर ओसरला, घरातला गाळ काढला, पण झोप गेली ती गेलीच. पाऊस लागला की छातीत धडधड. समुपदेशक ताई म्हणाल्या, "पाणी येणार" असं नको, "पाणी येणार असा विचार आलाय" असं मनात म्हणा. भीती गेली नाही, पण तिच्यात नि माझ्यात थोडी जागा झाली. आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी किती ते अजून बघते, बघायलाच पाहिजे. पण एकदा बघून फोन ठेवता येतो आता.

मिरजेची_माई
ताई, वाचून डोळे भरले. आमच्या मावशीकडे 2005 लाही पाणी शिरलं होतं. जपा.

सातारी_सून
भाकऱ्या करता करता लिहितेय. झेन मठात झाडलोट, स्वयंपाक हीसुद्धा साधनाच मानतात. मेथी निवडताना नुसती मेथी निवडायची, करून बघा. अवघड आहे पण छान वाटतं. आले, कुकर झाला.

अजिंक्यतारा
सरांनी सांगितलं ते जपानी झेन गुरू दोगेन (1200–1253) यांच्या सोतो या झेन परंपरेतलं. विचार दाबायचे नाहीत, कुरवाळायचेही नाहीत. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये, जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याचा, कार्यक्रम सुरू केला, तेही झेन शिकलेले. हरिपूरताई, पुराच्या आठवणी अंगावर आल्या तर नेटानं बसून राहू नका. डोळे उघडा, तळपाय जमिनीला टेकलेले जाणवू द्या, उठून चाला.

हरिपूर_रोड
हो, ताईंनीही हेच सांगितलंय. आभार दादा.

वाईकर
पाठीचं काय करता? थोड्याच वेळात कंबर धरते.

कृष्णाकाठची
खाली उंच गोल उशी घ्या, दोन्ही गुडघे जमिनीला टेकले पाहिजेत. नाहीतर सरळ खुर्चीत बसा, चालतं.

मिरजेची_माई
फोमची उशी नको, दबते. गादीवाल्याला कापूस गच्च भरायला सांगा. सावरीचा मिळाला तर फारच उत्तम.