ड्रॅग सूट मुलांना द्यावा का?

ए-२०२: नमस्कार. माझी मुलगी अकरा वर्षांची असून नियमित पोहण्याच्या सरावाला जाते. तिथली मोठी मुले नेहमीच्या पोशाखावर पाण्याचा विरोध वाढवणारा जाळीदार ड्रॅग सूट चढवून पोहतात, त्यामुळे तिनेही हट्ट धरला आहे. तो घ्यावा की नाही, हे कुणी जाणकाराने कृपया सांगावे.

सी-५०१: ताई, मी मुलांना पोहण्याचे प्रशिक्षण देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध जवळपास चौपट होतो; त्यामुळे मुलगी जोरात पोहू लागली की तिला भरपूर विरोध आपोआपच मिळतो. ड्रॅग सूटच्या खिशांत पाणी भरते आणि तोच वेग राखायला अधिक जोर लागतो, हे खरे. मात्र ही ओढ कमरेशी लागते. ज्या मुलांना पाण्यात अंग अजून ताठ ठेवता येत नाही त्यांची कंबर खाली जाते, पाय बुडतात, आणि मग सगळी ताकद ते तिरके झालेले अंग पुढे रेटण्यातच खर्च होते. ही सवय सूट उतरवल्यावरही सुटत नाही. मला खरी काळजी या सवयीचीच वाटते.

पारख करण्यासाठी २५ मीटरच्या फेरीत सूटशिवाय किती हात पडतात ते मोजावे आणि मग सूट घालून पुन्हा मोजावे. एखाद-दुसरा हात वाढणे स्वाभाविक आहे. पण चार-पाच वाढले, किंवा पाण्याखाली कोपर पडून हात नुसता घसरत मागे जाऊ लागला, तर सूट लगेच उतरवावा.

ई-१०४: दादा, तळहाताला लावायचे पॅडल आणि कमरेला दोरीने बांधून पाण्यात मागे ओढायचे छत्रीसारखे पॅराशूट यांबद्दलही आपले मत कळावे. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे.

सी-५०१: काकू, पॅडलबाबत मी अधिक कडक आहे. त्याने तळहाताचा पसारा वाढतो आणि वाढलेला भार थेट खांद्यावर येतो, म्हणून पॅडल तळहातापेक्षा किंचितच मोठे असावे आणि खांद्यात जराही दुखले तर त्या दिवशी पुन्हा लावू नये.

पॅराशूट फ्रीस्टाइलच्या छोट्या, वेगवान फेऱ्यांसाठी चांगले, कारण तिथे वेग बऱ्यापैकी एकसारखा राहतो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन किकच्या मध्ये वेग इतका उतरतो की छत्री मिटू लागते आणि पुढच्या किकला पुन्हा फुगून कमरेला हिसका देते. प्रत्येक संचानंतर पॅराशूट सोडून एक-दोन फेऱ्या पूर्ण वेगाने पोहाव्यात, म्हणजे हातांची मूळ लय परत येते. गिरकी घेऊन वळताना दोरी पायांत येऊ शकते, याकडेही लक्ष असावे.

ए-२०२: आभारी आहे. स्पर्धेत हा सूट चालतो का?

सी-५०१: नाही, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एकच पोशाख घालता येतो. पोशाखाचा परिणाम किती मोठा असतो, हे २००९ च्या रोममधील जागतिक स्पर्धेत दिसले. तिथे ४३ विश्वविक्रम झाले आणि पाण्याचा विरोध कमी करणाऱ्या, प्लॅस्टिकसारख्या पॉलियुरेथेनच्या पोशाखांवर १ जानेवारी २०१० पासून बंदी आली. मुलीची फारच इच्छा असेल, तर क्लोरीनने सैल झालेला जुना पोशाख तिच्या प्रशिक्षकांना विचारून वरून घालू द्यावा आणि तोही सरावाच्या सुरुवातीच्या काही फेऱ्यांपुरताच, कारण थकल्यावर कंबर सर्वांत आधी खाली जाते.