प्रबंध, नेट, एमपीएससी आणि घरची सोंगणी : आधी काय हाती घ्यावे?

प्रश्न – कारंजा (लाड), जि. वाशीम

सर्वांना नमस्कार. मी अकोल्याला कृषी कीटकशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून माझा प्रबंध कपाशीवरील गुलाबी बोंडअळीवर आहे. पुढे एएसआरबी नेट (कृषी विद्यापीठात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा) देऊन प्राध्यापक व्हावे, पीएच.डी. करावी की एमपीएससीतून कृषी सेवेत जावे, हे ठरत नाही. आणि ते ठरत नाही म्हणून रोजच्या कामांचाही क्रम लागत नाही. आधी आयुष्याचे ध्येय ठरवा, मग कामे वाटून घ्या, असा सल्ला सगळेच देतात, पण मी पहिल्याच पायरीवर अडकलो आहे. त्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास सापळ्यांत आलेल्या पतंगांच्या नोंदी आणि घरची सोयाबीनची सोंगणी एकाच वेळी येतात. अशा वेळी प्राधान्य कसे ठरवावे?

उत्तर १ – पुसद, जि. यवतमाळ

भाऊ, आयुष्याचे ध्येय ठरेपर्यंत काम थांबवण्याची गरज नाही. तीन वाटांपैकी कोणती वाट केव्हा बंद होते, एवढेच आधी पाहावे. कृषी सेवेसाठी कृषी पदवी पुरते, म्हणजे ते दार तुमच्यासाठी आजच उघडे आहे, आणि वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ व मागास प्रवर्गाला ४३ वर्षे असल्याने ते लवकर बंदही होणार नाही. नेट आणि पीएच.डी. या दोन्हींना मात्र पदव्युत्तर पदवी लागते. त्यामुळे यंदा प्रबंध पूर्ण करणे हे एकच ध्येय धरले तरी कोणतीही वाट हातची जात नाही. शिवाय कीटकशास्त्राचा जो अभ्यास नेटसाठी कराल, तो कृषी सेवेच्या मुख्य परीक्षेतही बराच उपयोगी पडतो.

उत्तर २ – अकोला

वरील उत्तराशी सहमत आहे. मी फक्त रोजच्या क्रमाबद्दल लिहितो. बोंडअळीसाठी आपण आर्थिक नुकसानीची पातळी पाहतो: कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या) एक पतंग दिसला म्हणून कोणी फवारणीचा पंप पाठीवर घेत नाही, तर सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग आले किंवा तोडलेल्या २० हिरव्या बोंडांपैकी २ किडलेली निघाली, की मग हालचाल करतो. कामांनाही अशीच पातळी ठरवावी. मित्राचा फोन, विभागातील किरकोळ कागदपत्रे, समूहावरील चर्चा यांपैकी बहुतेक गोष्टी त्या पातळीपर्यंत कधी पोहोचतच नाहीत, तरी आपली सकाळ त्यातच जाते.

उलट सापळ्यांची आठवड्याची नोंद एकदा चुकली की ती परत मिळत नाही, आणि मागाहून अंदाजाने आकडा भरणे म्हणजे प्रबंधच खोटा करणे होय. संदर्भ साहित्याच्या आढाव्याचे तसे नाही. ते प्रकरण उन्हाळ्यातही लिहिता येते, पण त्याला स्वतःची तारीख नसल्यामुळेच ते वर्षभर मागे पडत राहते. म्हणून फोन बंद ठेवून सकाळचा पहिला दीड तास लिखाणाला द्यावा आणि शेतावरची कामे दिनदर्शिकेत तारखेनिशी मांडावीत.

उत्तर ३ – मंगरूळपीर, जि. वाशीम

सर, नोंद चुकवू नये हे खरे, पण सोंगणीही थांबत नाही. सोयाबीन वाळून गेले की शेंगा फुटून दाणे वावरातच पडतात. घरी नुसते ‘अभ्यास आहे’ असे सांगून वडिलांना काहीच कळत नाही. सापळे मोजण्याच्या तारखा त्यांना महिनाभर आधी सांगाव्यात, म्हणजे मजूर आणि मळणीयंत्र त्या बेताने ठरवता येते. अगदीच जमले नाही, तर सोबतच्या विद्यार्थ्याकडून नोंद करून घ्यावी आणि त्याच्या नोंदीच्या वेळी आपण जावे. मात्र हे मार्गदर्शकांना आधी विचारूनच करावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. नोंदींच्या तारखा आजच बाबांना कळवतो. एमपीएससीचा वर्ग लावण्याचा विचार प्रबंध सादर होईपर्यंत बाजूला ठेवतो. सकाळच्या दीड तासाबद्दल मात्र शंका आहे, कारण पतंगांची मोजणीही सकाळीच करावी लागते. त्या दिवशी लिखाण संध्याकाळी केले तर चालेल का?

उत्तर २ – अकोला

चालेल. फक्त ती वेळ आदल्या रात्रीच ठरवून ठेवावी.