मदत हवी आहे: डीआरएम (कॉपी रोखणारं कुलूप) नसलेले गेम ऑनलाइन कुठे विकत मिळतात?

पेनड्राइव्हवाला: विंडोज ११ चा लॅपटॉप आहे, पण जिथे खेळायचं तिथे नेट नाही. गेम दुसरीकडे डाउनलोड करून पेनड्राइव्हवरून न्यायचा आहे. स्टीम या गेमच्या दुकान-ॲपचा ऑफलाइन मोड माहीत आहे, पण त्यासाठी आधी त्याच मशिनवर लॉगिन लागतं. पायरेटेड नको. पैसे मोजले की फाइल हातात येईल, असं दुकान सुचवा. भारतीय कार्ड चालतं का?

डबा-ऐसपैस: सरळ जीओजी. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये जुन्या गेमसाठी सुरू केलेलं दुकान, आता नवेही मिळतात. गॅलेक्सी नावाचं त्यांचं ॲप पुढेपुढे करतं, पण ते ऐच्छिक आहे. वेबसाइटवर लॉगिन करून आपल्या लायब्ररीतल्या गेमवर क्लिक करा आणि ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर निवडा. आधी विंडोज आणि भाषा बरोबर आहे ना ते बघा.

मोठ्या गेमचा एक .एक्सई आणि बरेच .बिन तुकडे असतात. सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नावं बदलू नका. एक तुकडा कमी असला तर इन्स्टॉलर अर्ध्यात पुढची डिस्क मागत बसतो. डीएलसीचे (मूळ गेमला जोडायच्या जादा भागांचे) इन्स्टॉलर वेगळे असतात. लोक तेच विसरतात आणि मग "विकत घेतलेला भाग दिसत नाही" म्हणून धागे काढतात. मूळ गेम आधी टाका, डीएलसी नंतर.

ब्राउझरमध्ये मोठी फाइल मध्येच तुटली की कधीकधी पहिल्यापासून उतरवावी लागते. नेट कच्चं असेल तर डाउनलोडपुरतं गॅलेक्सी वापरा. त्यातूनही हेच इन्स्टॉलर मिळतात. नेटशिवायच्या लॅपटॉपवर गॅलेक्सी टाकायची गरज नाही.

चिल्लर-हिशेब: कार्डाबद्दल: बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय असे दोन्ही व्यवहार सुरू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नव्या कार्डावर ते बंदच येतात, आणि पेमेंट फसण्याचं नेहमीचं कारण हेच. किंमत डॉलरमध्ये असेल तर बँक वर परकीय चलनाचा आकार लावते आणि त्या आकारावर १८% जीएसटी. जीओजीवर ३० दिवसांत परतावा मागता येतो, गेम डाउनलोड करून चालवला असला तरी. म्हणून पैसे भरले की लगेच गेम उतरवा आणि नेट बंद करून तपासा.

उलटतपासणी: जीओजीवरही डोळे उघडे ठेवा. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथे 'हिटमॅन' आला. गेममधली बरीच प्रगती सर्व्हरला जोडल्याशिवाय होत नव्हती. ग्राहकांनी ओरड केल्यावर ऑक्टोबरमध्ये तो विक्रीतून काढला. एकट्याने खेळायच्या गेममध्ये सहसा अडचण येत नाही. मल्टिप्लेअरला मात्र बऱ्याचदा गॅलेक्सी लागतं. ती टीप खरेदीच्या पानावर असते, वाचा.

छोट्या निर्मात्यांचे गेम इच.आयओवर बघा. बहुतेक झिप असतात. आधी पूर्ण एक्स्ट्रॅक्ट करा. झिपच्या आतूनच .एक्सई चालवला की बाकीच्या फायली सापडत नाहीत. विंडोजची निळी पाटी आली तर 'अधिक माहिती'वर क्लिक केल्यावर 'तरीही चालवा' दिसतं. निर्माता ओळखीचा असेल तरच तसं करा. पानावर फक्त 'स्टीम की' (गेम स्टीमवर उघडायचा कोड) लिहिलं असेल तर तुमच्या कामाचं नाही. हम्बल या दुकानातही आता बहुतांशी की-च मिळतात.

डबा-ऐसपैस: स्टीमवरचेही काही गेम डीआरएमशिवाय असतात, कारण ते लावायचं की नाही हे निर्माता ठरवतो. पीसीगेमिंगविकी या साइटवर यादी आहे. खात्री करायची तर स्टीम पूर्ण बंद करा, नेट तोडा आणि 'स्टीमॲप्स'मधल्या 'कॉमन' फोल्डरमधून .एक्सई थेट चालवा. स्टीम आपोआप उघडलं तर बहुधा नापास. परताव्याला इथे १४ दिवस आणि दोन तासांहून कमी खेळ, अशी अट आहे. पुढच्या अपडेटमध्ये निर्माता डीआरएम घालू शकतो, म्हणून चाललेलं फोल्डर लगेच कॉपी करून ठेवा.

पेनड्राइव्हवाला: असं एक फोल्डर लॅपटॉपवर नेलं. 'व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडत नाही' म्हणतो. डीआरएमच का?

उलटतपासणी: नाही. ही गेम चालायला लागणारी मायक्रोसॉफ्टची फाइल आहे. स्टीम असे भाग स्वतः इन्स्टॉल करतं, नुसत्या फोल्डर-कॉपीत ते येत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल उतरवा. एक्स६४ आणि एक्स८६ दोन्ही टाका, कारण ३२ बिटचा गेम ६४ बिट विंडोजवरही एक्स८६ च मागतो. सुटी डीएलएल भलत्या साइटवरून उचलू नका. जीओजीच्या इन्स्टॉलरमध्ये हे भाग सहसा सोबत असतात.

आणि पेनड्राइव्ह एक्सफॅट या फाइल-सिस्टिममध्ये फॉरमॅट करा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, आणि फोल्डर-कॉपीत तशा फायली हमखास निघतात.