मदत हवी आहे: करवंदाच्या लिकरमध्ये जेलीसारखं काय तरी झालंय

नमस्कार मंडळी, मी बेळगावचा. मे महिन्यात जांबोटीकडच्या बायका करवंदं घेऊन बसतात बघा, त्यांच्याकडनं अर्धा किलो काळी पिकलेली घेतली, धुऊन पुसून जरा चेचली आणि काचेच्या बरणीत वरनं 750 मिली साधी व्होडका (42.8 टक्केवाली) ओतून कपाटात ठेवली. रंग काय आलाय म्हणून सांगू, वासपण मस्त. पण आता फळांभोवती मऊ मऊ गोळे दिसायलेत आणि सगळं गढूळ. बुरशी नाही, आंबूस वास नाही. टाकून द्यायचं काय?

दुसरं, साखर. नेटवर जो तो लिमोनचेल्लोची (लिंबाच्या सालीची गोड इटालियन लिकर) रेसिपी देतो, साखरेचा पाक करा नि ओता. करवंदाला तेच चालतंय काय? आणि "गोव्यात जाऊन तयार बाटली घे" म्हणून कृपा करून सांगू नका, चोर्ल्याच्या चेकपोस्टला बॅग उघडून दाखवायची हौस नाही.

प्रतिसाद:
टाकू नका ओ! ते पेक्टिन आहे, फळातला जेली घट्ट करणारा पदार्थ. करवंदात ते भरपूर, म्हणून तर त्याची जेली जमते, आणि अल्कोहोल लागलं की ते गोळा होऊन वेगळं पडतं. मलमलच्या कापडातनं गाळा, पण पिळू नका, पिळलं की गाळ परत आत. मग बाटली फ्रिजमध्ये न हलवता ठेवा आणि वरचं अलगद ओतून घ्या.

पाक मात्र अजिबात नको. लिमोनचेल्लोला नुसती साल असते आणि इटलीत त्याला 95 टक्क्यांच्या आसपासचं स्पिरिट घेतात, तिथं पाणी घालावंच लागतं. तुमच्या बाटलीत अल्कोहोल मुळात 321 मिली, त्यात फळातलं धरा 400 मिली पाणी उतरलं, म्हणजे 28 टक्क्यांवर आलंच की, त्यावर पाक ओतला तर सरबत होतंय. लिटरमागे 200-250 ग्रॅम साखर कोरडीच टाका, रोज हलवत राहा, विरघळते, आणि 24-25 टक्के राहतंय. युरोपात लिकर म्हणायला 15 टक्के आणि लिटरला 100 ग्रॅम साखर पुरते, त्यामुळं काळजी नको. लवकर विरघळावी म्हणून गॅसवर ठेवू नका, वाफ पेट घेते.

धागाकर्ता:
पेक्टिन होय! बरं, गाळलेल्या करवंदांचं काय करू?

प्रतिसाद:
व्हॅनिला आइस्क्रीमवर घाला. पोरांच्या हाताला लागू देऊ नका तेवढं.