कोजागिरीला सोसायटीत देणगीसाठी जेवण ठेवायचंय, कोणी केलंय का असं?

अंगतपंगत:
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी कोथरूडला, चार विंग, 112 फ्लॅट. दरवर्षी कोजागिरीला टेरेसवर मसाला दूध असतं, लोक येतात, आपापल्या विंगच्या घोळक्यात उभे राहून ग्लास संपवतात, अंताक्षरीच्या दोन फेऱ्या झाल्या की ज्याच्या त्याच्या घरी. यंदा आम्हा सात-आठ जणींच्या डोक्यात आलंय की दुधाच्या आधी साधं पिठलं-भाकरी, ठेचा, भात असं जेवण ठेवायचं, कुपन लावायचं आणि खर्च जाऊन जे उरेल ते जवळच्याच एका वसतिगृहाला द्यायचं. गावाकडून शिकायला आलेल्या मुली असतात तिथे, मेसचा खर्च भागवताना संस्थेची दमछाक होते हे माहितीये कारण आमच्यातली एक तिथे शिकवायला जाते.

कमिटीत विषय काढला तर खजिनदार म्हणाले जेवणाचा घाट कशाला, ग्रुपवर क्यूआर कोड टाका, ज्याला द्यायचे तो देईल. चूक नाही म्हणा त्यांचं. पण क्यूआरवर नेहमीचे दहा-बारा जणच पैसे टाकणार आणि बी विंगमधल्या लोकांची नावं मला पुढच्या वर्षीही माहिती नसणार. तर विचारायचं हे की कुपन किती ठेवावं, आचारी लावावा की घरोघरी करून आणावं, आणि वसतिगृहातल्या मुलींना जेवायला बोलवावं की नाही? या शेवटच्यावर आमच्यातच दोन तट पडलेत.

बांधावरचा:
ताई आचारी फक्त पिठल्या-भाताला लावा, भाकरी घराघरातून येऊ द्या. आमच्या नगर-वैजापूर पट्ट्यात सप्त्याला हेच चालतं, सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्त्यात आमटी मोठमोठ्या कढयांत तिथेच शिजते आणि भाकरी गावोगावच्या चुलींवरून ट्रॅक्टर-टेम्पो भरून येतात. एवढ्या भाकरी कुठला आचारी थापणार सांगा. पण खरी गोम पुढे आहे, ज्या घरातून पाच भाकरी गेल्या ते घर पंगतीला येतंच, आणि आलं की वाढायला पण उभं राहतं, कारण ते जेवण आता त्याचं पण असतं. नुसतं कुपन फाडलेला माणूस गिऱ्हाईक होतो, तो पिठल्यात मीठ कमी आहे हे सांगायला येतो.

अंदाज सांगतो. एक किलो ज्वारीच्या पिठात मध्यम बारा-तेरा भाकरी होतात, माणशी दोन धरा. पिठल्याला किलोभर बेसनात पंचवीस-तीस माणसं आरामात. तांदूळ माणशी 70-80 ग्रॅम पुरे, भाकरी असली की भात कमीच जातो. आणि बुफे अजिबात नको, पंगत बसवा. बुफेत लोक एकदाच ताट भरून घेतात आणि टाकतात, पंगतीत वाढपी परत येणार हे माहिती असतं म्हणून बेतानं घेतात.

शनवारातला_खवचट:
भाकरी घराघरातून? कोथरूडात?? आधी 112 पैकी किती घरात परात आहे त्याचा सर्व्हे करा.

बाकी स्पष्टच बोलतो, राग मानू नका. दीडशे रुपयांचं जेवण जेवायचं, त्यातले पन्नास कोणाला तरी पोचवायचे आणि फोटो टाकायचे, याला दान म्हणवत नाही मला. खजिनदारांचं बरोबर आहे, पैसे द्यायचेत ना मग द्या. आणि त्या मुलींना समोर उभं करून चेअरमनच्या हस्ते चेक वगैरे देणार असाल तर कृपा करा, नका बोलवू.

साताऱ्याची_लेक:
खवचट, चेकच्या फोटोबद्दल शंभर टक्के मान्य, पण जेवणाला नावं ठेवू नका हो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं ते मुष्टिफंडाच्या जोरावर उभं राहिलं की, घरातली बाई रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायची आणि ते बोर्डिंगच्या पोरांसाठी जायचं. एकरकमी देणगी देणारा देऊन विसरतो, मूठ काढणाऱ्या बाईला रोज त्या पोरांची आठवण व्हायचीच. वर तिथे सगळ्या जातींची पोरं एकत्र राहून एका पंगतीला जेवायची, त्या काळात! पोरांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. 1927 ला गांधीजी तिथे येऊन गेले. सगळ्या जातींना खुलं असलेलं रत्नागिरीचं पतितपावन मंदिर 1931 चं, तिथली सहभोजनं पण त्याच काळातली. कोण कोणाच्या शेजारी बसून जेवतंय यावरून आपल्याकडे गावंच्या गावं पेटलीत, त्यामुळे "नुसतं जेवण" असं काही नसतं आपल्याकडे.

मुलींना बोलवा, पण शेजारणींना बोलवतो तसं. दोघी-तिघींनी आधी जाऊन सांगून या, ज्यांना यायचं त्या येतील, परीक्षा असेल तर नाही येणार. त्यांच्याकडून स्वागतगीत नको, मनोगत तर अजिबात नको. आणि गावाकडच्या आहेत म्हणून भाकरी थापायला बसवू नका, हे सांगावं लागतंय कारण असं झालेलं बघितलंय. अजून एक, वॉचमनकाका, झाडलोट करणाऱ्या मावशी, त्यांची पोरंबाळं यांना पहिल्या नाहीतर दुसऱ्या पंगतीत सगळ्यांच्यात बसवा. सगळं उरकल्यावर उरलेलं डब्यात भरून देणं म्हणजे पंगत नव्हे.

हिशोबाची_वही:
मी सीए आहे त्यामुळे रुक्ष बोलणार. खवचट म्हणतायत त्यात एक मुद्दा खरा आहे, जेवण आणि देणगी एकाच कुपनात मिसळलं की दोन्हीचा घोळ होतो. समजा कुपन 150 चं आणि खर्च माणशी 90 आला तर लोकांना वाटतं आपण 150 दान केले, संस्थेच्या हातात पडतात 60, आणि पुढच्या मीटिंगला कोणीतरी विचारतंच की बाकीचे गेले कुठे. त्यापेक्षा जेवण येईल तेवढ्या खर्चातच ठेवा, शिधा कोणी स्पॉन्सर केला तर फुकट ठेवा, आणि देणगीचा डबा वेगळा. मोठी रक्कम देणाऱ्याला संस्थेच्या खात्यावर थेट पाठवायला सांगा, सोसायटीच्या खात्यातून फिरवू नका, नाहीतर पावती कोणाच्या नावे हा वाद निघतो.

80जीचं, म्हणजे देणगीवरच्या इन्कम टॅक्स सवलतीचं, लोक विचारतीलच. संस्थेकडे मान्यता असेल तरच सवलत, रोख 2000 च्या वर दिले तर मिळत नाही, तांदूळ-डाळ अशा वस्तू दिल्या तर त्याचीही नाही, आणि जेवणाच्या कुपनाची तर नाहीच कारण त्याच्या बदल्यात तुम्ही जेवलात. नवीन टॅक्स रेजिममध्ये असाल तर विषयच संपला. आणि आचाऱ्याकडे एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेचं सरकारी) रजिस्ट्रेशन आहे का तेवढं बघून घ्या, पोट बिघडलं तर सगळे तुमच्याच दारात येतील.

टेम्सकाठी:
वहीसाहेब, इथे लंडनला पण सेम. आम्ही काही मराठी घरं मिळून वर्षातून एकदा इथल्या एका फूड बँकेसाठी मिसळीचा बेत करतो, इथल्या सरकारची गिफ्ट एड म्हणून सोय आहे, करदात्यानं चॅरिटीला 1 पौंड दिला की सरकार वर 25 पेन्स घालतं, पण जेवणाच्या तिकिटावर ते मिळत नाही. म्हणून आमच्याकडे मिसळ फक्त खर्चापुरत्या पैशात आणि टेबलावर वेगळी पाकिटं, घाला जे घालायचे ते. पाकिटात तिकिटाच्या फरकापेक्षा कितीतरी जास्त निघतात हा अनुभव आहे, कारण पोट भरलेला माणूस सढळ असतो (आणि शेजारचा काय घालतोय ते दिसतं, हेही खरं).

अवांतर पण उपयोगी, तुमच्या सोसायटीतल्या कोणाची मुलं परदेशातून पैसे पाठवणार असतील तर भारतीय पासपोर्टवाल्याची देणगी परदेशी धरत नाहीत, पण नागरिकत्व बदललेलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असून उपयोग नाही, संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायचा सरकारी परवाना, लागतो. छोट्या वसतिगृहाकडे तो नसतोच बहुतेक, त्यामुळे आधी विचारा, उगाच त्यांच्या डोक्याला ताप नको.

अंगतपंगत:
सगळ्यांचे मनापासून आभार, खवचटांचे सुद्धा. काल परत बसलो आणि ठरलं ते असं: कुपन रद्द. जेवण फुकट, शिधा चार घरांनी वाटून घेतला, डबा वेगळा ठेवायचा आणि त्यावर वसतिगृहाचा स्वतःचा क्यूआर, त्यामुळे खजिनदार पण खूष. भाकरी घरटी पाच, ज्यांना येत नाहीत त्यांनी कर्वेनगरच्या बचत गटाकडून विकत आणायच्या, म्हणजे त्या बायकांनाही चार पैसे मिळतील. परातीचा सर्व्हे खरंच केला, एकोणतीस निघाल्या! बी विंगमधल्या एक आजी म्हणाल्या मी शिकवते, या संध्याकाळी, तर आता त्यांच्याकडे क्लास सुरू झालाय आणि दोन नवरे पण येतायत. वांग्याची भाजी मात्र बाद, कोजागिरी चातुर्मासात येते, वांगं न खाणारी घरं आहेत. पिठलं अर्धं बिन कांदा-लसणाचं, त्याचं पातेलं आणि पळी वेगळी. मुलींना रविवारी जाऊन सांगून येतोय, हार-तुरे-भाषण काही नाही.

एकच राहिलं, दुपारी केलेल्या भाकरी रात्री साडेआठपर्यंत मऊ कशा ठेवायच्या?

बांधावरचा:
एकोणतीस म्हणजे लईच झाल्या, खवचटरावांना एक भेट द्या. भाकरी गरम गरम डब्यात कोंबू नका, वाफ धरते आणि खालच्या चिकट होतात. आधी सुती कापडावर सुट्ट्या पसरून पूर्ण गार करा, मग धुतलेल्या धोतरात नाहीतर जुन्या सुती साडीत गुंडाळून टोपलीत ठेवा. पीठ ताजं दळलेलं घ्या, जुन्या पिठाची भाकरी थापतानाच चिरते, आणि उकळत्या पाण्यात भिजवा. तरी कडक झाल्याच तर काही बिघडत नाही, पिठलं जरा पातळ ठेवा आणि कुस्करून खायला लावा सगळ्यांना.