अनुभव धागा: जी-एच असलेले इंग्रजी शब्द कसे शिकवता, कसे लक्षात ठेवता?

इंग्रजीत जी आणि एच शेजारी दिसले की मराठी माध्यमातलं मूल सरळ ‘घ’ वाचतं. शिकवणारे, मुद्रितशोधक, भाषांतरकार, शब्दकोड्यांचे नादी, सगळ्यांनी आपापली रीत लिहा. ‘इंग्रजी वेडीच आहे’ एवढंच लिहायचं असेल तर नको, ते सर्वांना ठाऊक आहे.

खडूफळा
सुरुवात आय-जी-एच-टी पासून करा. लाइट, नाइट, फाइट, टाइट, ब्राइट: सगळीकडे ‘आइट’. त्याआधी ई आली की बहुधा ‘एट’: एट (आठ), वेट (वजन), फ्रेट (मालवाहतूक). हाइट मात्र फितूर आहे, तो वेगळा पाठ करून घ्यावा.

मग ओ-यू-जी-एच-टी. बॉट, ब्रॉट, थॉट, फॉट, सॉट, सगळे ‘ऑट’. अपवाद ड्राउट (अवर्षण) आणि डाउटी (शूर). दुसरा शाळेत लागत नाही.

खरी चूक होते ती ए-यू की ओ-यू इथे. मूळ क्रियापदात ए असेल तर भूतकाळातही ए: कॅच–कॉट, टीच–टॉट. बाय, ब्रिंग, थिंक, फाइट, सीक यांत ए नाही, म्हणून ओ. एवढं फळ्यावर दोन रकाने करून लिहिलं की ‘ब्रॉट’मध्ये ए घुसवणं बरंच कमी होतं. डॉटर, नॉटी, स्लॉटर ही क्रियापदाची रूपं नाहीत, त्यांना हा नियम लावू नका, तिन्हींत ए-यू. आणि स्लॉटरमधला पहिला एस काढला की उरतं ते लाफ्टर, त्याचा उच्चार पार निराळा. मुलांना हे भारी आवडतं.

उच्चारवाला
टी नसलेला ओ-यू-जी-एच म्हणजे खरी डोकेदुखी. नियम शोधू नका, कप्पे करा. ‘अफ’: टफ, रफ, इनफ. ‘ऑफ’: कॉफ (खोकला), ट्रॉफ (गुरांची गव्हाण). ‘ओ’: दो (जरी), डो (मळलेली कणीक). ‘ऊ’: थ्रू (मधून). ‘आउ’: प्लाउ (नांगर), बाउ (झाडाची फांदी). शेवटी थरा (सखोल) आणि बरा (शहर किंवा त्याचा विभाग). अमेरिकेत हेच थरो आणि बरो.

कार्डाच्या पुढे स्पेलिंग, मागे देवनागरीत उच्चार. एका तासाला एकच कप्पा. दो, थ्रू आणि थरा हे तिघे एकाच दिवशी तर मुळीच नकोत. तिघांचं स्पेलिंग एका-दोन अक्षरांनी वेगळं, त्यामुळे नुकतं शिकलेलं पुसलं जातं. बऱ्याच पुस्तकांत ते गंमत म्हणून एकाच ओळीत देतात, ती ओळ उजळणीला ठेवा, शिकवायला नको.

शब्दाच्या सुरुवातीला जी-एच असेल तर डोळे मिटून ‘ग’: गोस्ट (भूत), गेटो (एका समाजाची वेगळी वस्ती), गर्किन (लोणच्याची छोटी काकडी). घी, घाट, घडियाल हे आपलेच शब्द, पण इंग्रज तेही ‘ग’नेच म्हणतो.

जुनीपोथी
कारण थोडक्यात. जुन्या इंग्रजीत इथे घशातून खरखरीत ‘ख’सारखा ध्वनी होता, जर्मन ‘नाख्ट’ (रात्र), ‘टॉख्टर’ (मुलगी) यांत तो अजून ऐकू येतो. नॉर्मन काळानंतरच्या लेखनिकांनी तो जी-एच असा लिहायला घेतला. पुढे ध्वनी कुठे गळाला, कुठे ‘फ’ झाला, पण तोवर छपाईने स्पेलिंग घट्ट होत चाललं होतं. संस्कृत येत असेल तर ‘नक्तंचर’मधला नक्त (रात्र) आणि नाइट, दुहिता (मुलगी) आणि डॉटर शेजारी लिहून बघा, तिथे काहीतरी होतं हे पटतं.

सगळेच जी-एच मात्र खानदानी नाहीत. डिलाइट फ्रेंचमधून आला, त्यात जी-एच नव्हतं. लाइटच्या संगतीने चिकटलं. गोस्टमधला एच इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्सटन याच्या छापखान्यातून आला असं मानतात. त्याने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छपाई सुरू केली, आणि त्याआधी तो बरीच वर्षं फ्लेमिश मुलखात (आजच्या बेल्जियमच्या भागात) होता, तिथे हा शब्द एच घालून लिहीत.

लालपेन
स्पेलचेकवर विसंबू नका. थ्रू, दो, थॉट, टफ हे सगळे शब्द म्हणून बरोबरच असतात, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा पडला तरी खाली लाल रेघ उमटेलच असं नाही. कंट्रोल-एफ दाबून नुसती ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं शोधा आणि प्रत्येक ठिकाणी थांबून वाक्य वाचा.

ब्रिटिश की अमेरिकन हे आधी ठरवा. अमेरिकेत नांगर डब्ल्यूवर संपतो. ड्राफ्टचा घोळ जास्त: मसुदा आणि बँकेचा ड्राफ्ट दोन्हीकडे एफने, पण खिडकीतून येणारा गार झोत किंवा पिंपातली बिअर ब्रिटिश लेखनात ए-यू-जी-एच-टी. सरसकट बदल मारला की मसुद्याचाही झोत होतो. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराच्या स्पेलिंगला शेवटी एच आहे. तो १८९१ ला सरकारी मंडळाने काढला होता, १९११ ला परत दिला.

पाचचौकोनी
वर्डलमध्ये (पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ; अक्षर बरोबर जागी असेल तर चौकोन हिरवा होतो, शब्दात असून जागा चुकली तर पिवळा) हीच अक्षरं सापळा होतात. शेवटचे चार चौकोन आय-जी-एच-टी असे हिरवे झाले की फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, एट असे निदान आठ उमेदवार, आणि संधी एकूण सहाच. एकेक करून मारत बसू नका. एक संधी मुद्दाम ‘फिल्म्स’वर खर्च करा: एफ, एल, एम, एस चारही एका दमात तपासले जातात. या चारपैकी एकही रंगला नाही तर ई, एन, आर, टी उरतात.

ओ-यू-जी-एच हिरवे असतील तर ‘ब्रॅक्ट’ घाला (बोगनवेलीची रंगीत ‘फुलं’ म्हणजे तेच, मराठीत छद). बी, आर, सी, टी तपासले जातात. कोणतंच रंगलं नाही तर आधी डो टाका. हार्ड मोडमध्ये (खेळाच्या कठीण प्रकारात) हा उपाय चालत नाही, कारण तिथे मिळालेलं हिरवं अक्षर पुढच्या शब्दात त्याच जागी ठेवावंच लागतं. म्हणून हार्ड मोड खेळताना टीवर संपणारे शब्द सुरुवातीलाच टाळलेले बरे.